परदेशातील सेवाकार्य आणि पंचशील : आपले अनुभव लिहा

आमंत्रण

त्रिशरण (बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाणे) आणि पंचशील (जीवहत्या, चोरी, व्यभिचार, खोटे बोलणे आणि मद्यपान यांपासून दूर राहण्याचे पाच नियम) घेऊन जगणाऱ्या आणि परदेशात काही काळ स्वयंसेवक म्हणून जाऊन आलेल्या, जाणाऱ्या किंवा जाण्याचा विचार सोडून दिलेल्या सर्वांसाठी हा धागा आहे. ‘बहुजनहिताय बहुजनसुखाय’ चारिका (भ्रमण) करा, हा विनयपिटकाच्या, म्हणजे संघाच्या नियमांच्या ग्रंथाच्या, महावग्ग या भागातील उपदेश अशा वेळी हमखास ऐकवला जातो. परंतु तो पहिल्या साठ अर्हत (पूर्ण मुक्त झालेल्या) भिक्खूंना केलेला होता, ज्यांच्यामागे ना नोकरी होती ना संसार, हे सांगायचे सहसा राहून जाते. मी स्वतः अर्ज भरून ठेवला आहे, पाठवलेला नाही. प्रवास कसा झाला यापेक्षा, तिथे गेल्यावर आपल्या शीलांचे आणि साधनेचे काय झाले, हे कृपया लिहावे.

एक परिचारिका

हिवतापाचा प्रादुर्भाव असलेल्या प्रदेशातील एका आरोग्य प्रकल्पात मी काम केले. निघण्यापूर्वी मला चिंता होती ती भाषेची आणि हवामानाची. तिथे मात्र पहिले शीलच दत्त म्हणून पुढे उभे राहिले. प्रकल्पाच्या कामाचा मोठा भाग रुग्णतपासणीचा होता, पण घराघरांत कीटकनाशक फवारण्याचे कामही स्वयंसेवकांना पाळीपाळीने करावे लागे. जीवहत्या पूर्ण होण्यासाठी अट्ठकथांमध्ये, म्हणजे पाली ग्रंथांवरील प्राचीन टीकांमध्ये, पाच अंगे सांगितली आहेत : समोर प्राणी असणे, तो प्राणी आहे याची जाणीव, मारण्याची चेतना (इरादा), त्यासाठी केलेला प्रयत्न आणि त्यातून झालेला मृत्यू. फवारणीत ही पाचही अंगे असतात, आणि ‘हेतू चांगला आहे’ असे म्हणून चौकशी तिथेच थांबवणे मला पटले नाही. दुसरीकडे, तापाने फणफणलेल्या मुलाच्या उशाशी बसल्यावर, डासांच्या बाजूने केलेला युक्तिवाद तोंडातून निघत नाही.

मी प्रकल्पप्रमुखांना स्पष्टपणे विचारले आणि त्यांनी आढेवेढे न घेता मला रक्ततपासणी आणि मच्छरदाण्यांच्या वाटपाचे काम दिले. (त्या मच्छरदाण्यांवरही कीटकनाशकाचा लेप असतो, त्यामुळे मी या प्रश्नातून पूर्णपणे सुटले असे समजण्याचे कारण नाही.) अतिसाराने पडून असलेल्या, कोणीही न विचारलेल्या भिक्खूला बुद्धांनी आनंदासह स्वतः स्नान घातले आणि ‘ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी’ असे सांगितले, ही महावग्गातील कथा मला तिथे फार आधाराची वाटली. फवारणी, कुक्कुटपालन, मत्स्यशेती यांपैकी काही आपल्या वाट्याला येणार आहे का, हे अर्ज करतानाच विचारून घ्यावे. असे विचारणाऱ्या उमेदवाराला संस्था नाकारतात, असा माझा अनुभव नाही.

न गेलेला एक मुलगा

न जाणाऱ्याचा अनुभवही इथे चालेल असे धरून लिहितो. बुद्धांचा मुलगा राहुल याच्या प्रव्रज्येनंतर (संघप्रवेशानंतर) बुद्धांचे वडील शुद्धोदन यांनी आपले दुःख बोलून दाखवले आणि तेव्हापासून आईवडिलांच्या अनुमतीशिवाय कोणालाही प्रव्रज्या देऊ नये, असा नियम झाला. स्वयंसेवकाला हा नियम लागू नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु घर सोडून संघात जाणाऱ्यासाठीही जी अनुमती आवश्यक मानली गेली, ती मी दोन वर्षांच्या सेवेसाठी गृहीत धरावी, हे मनाला रुचेना. वडिलांनी ‘जा’ म्हटले, आणि त्या ‘जा’मध्ये होकार कितीसा होता हे मला कळत होते. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमात घरबसल्या करण्यासारखीही कामे असतात. सध्या मी भाषांतर आणि माहितीची जुळवाजुळव अशी कामे करतो. ती परदेशवारीइतकी दिसत नाहीत, एवढेच.

निर्वासितांसोबत काम केलेली एक उपासिका

करुणेविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण मला वाटते अनेकांची अडचण तिथेच होते. विसुद्धिमग्ग या ग्रंथात आचार्य बुद्धघोषांनी प्रत्येक ब्रह्मविहाराचे (मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावनांपैकी प्रत्येकीचे) दोन शत्रू सांगितले आहेत. करुणेचा दूरचा शत्रू क्रौर्य, तो ओळखू येतो. जवळचा शत्रू मात्र लौकिक आसक्तीतून येणारे दौर्मनस्य (मनाचे दुःख), आणि ते करुणेसारखेच दिसते. छावणीत आलेले नवे स्वयंसेवक पहिल्या काही आठवड्यांत रात्र रात्र झोपत नसत, जेवणाची शुद्ध नसे, आणि ही तळमळ म्हणजेच आपली करुणा, असे त्यांना वाटे. त्याच सुमारास त्यांचे सहकाऱ्यांशी खटके उडू लागत आणि मदत घेणाऱ्याने कृतज्ञता दाखवली नाही की राग येई. करुणेच्या जागी दुसरेच काही येऊन बसले आहे, याची माझ्या दृष्टीने ती सर्वांत स्पष्ट खूण होती.

सकाळचे आनापान (श्वासावरचे ध्यान) आणि रात्रीची मैत्री भावना (सर्वांच्या कल्याणाची कामना करण्याची साधना) मी सोडली नाही, ती काही निष्ठेचे प्रदर्शन म्हणून नव्हे, तर त्याशिवाय दुसऱ्या दिवशी मी रांगेतल्या माणसाकडे नीट पाहू शकत नव्हते म्हणून. उपेक्षेचाही, म्हणजे मनाच्या समतोलाचाही, जवळचा शत्रू आहे, अज्ञानातून येणारी बेफिकिरी. जुन्या, थकलेल्या स्वयंसेवकांमध्ये मला ती दिसे, आणि ‘सगळे अनित्य आहे’ हे वाक्य तिच्या तोंडी फार सहज येई.

एक निवृत्त शिक्षक

मला एका अनाथालयात इंग्रजी शिकवण्यासाठी बोलावणे आले होते आणि त्यासाठी शुल्कही मलाच भरायचे होते. चौकशी केल्यावर समजले की अशा अनेक संस्थांतील मुलांचे आई किंवा वडील हयात असतात आणि पैसे देणारे पाहुणे येत राहावेत म्हणून मुले तिथे ठेवली जातात. ऑस्ट्रेलियात २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविषयक कायद्याच्या निमित्ताने या प्रकाराची गंभीर चर्चा झाली. आपल्याला न दिलेले घेऊ नये, हे दुसरे शील आपण चोरीपुरते ठेवतो. जी मुले दर महिन्याला नव्या पाहुण्याला बिलगतात, त्यांचा विश्वास मला कोणी दिला होता? जे काम तिथला शिक्षक वेतन घेऊन करू शकला असता, ते मी फुकट करून त्याच्या वाटचे नेणार होतो का? मी ते निमंत्रण नाकारले आणि पुढे स्थानिक शिक्षकांना प्रशिक्षण देणाऱ्या एका प्रकल्पात गेलो.

या संदर्भात श्रीलंकेतील सर्वोदय श्रमदान चळवळीचा अभ्यास अवश्य करावा. १९५८ मध्ये ए. टी. आरियरत्ने या शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन एका उपेक्षित गावात शिबिर भरवले, त्यातून ती उभी राहिली. तिथे बाहेरून आलेला माणूस गावकऱ्यांच्या बरोबरीने माती वाहतो. काम कोणते हे ठरवण्यात गावाचाही वाटा असतो.

विपश्यना केंद्रात सेवा देणारा एक साधक

परदेशी जाण्याआधी धम्मसेवा, म्हणजे विपश्यना शिबिरांत विनावेतन सेवा, करून पाहावी, अशी माझी सूचना आहे. सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतील केंद्रे अनेक देशांत आहेत. दहा दिवसांचे एक शिबिर पूर्ण केलेल्या साधकाला तिथे सेवा देता येते, सेवकाने पंचशील पाळायचे असते आणि कामाच्या धबडग्यातही रोजच्या सामूहिक साधनेला बसायचे असते. स्वयंपाकघरात शेजारच्या सेवकाची चिरण्याची पद्धत आपल्याला सहन होत नाही, हे एकदा पाहिले की परक्या देशातील कार्यालयात आपण कसे वागू याचा अंदाज येतो. एक व्यवहाराची बाब : केंद्रातील विनावेतन सेवेसाठीही अनेक देशांत पर्यटक व्हिसा चालत नाही. ‘सीमेवर विचारले तर फिरायला आलो असे सांगा’ असा सल्ला मला मिळाला होता. चौथे शील मोडून धम्मसेवेला पोहोचणे मला जमले नाही, म्हणून योग्य व्हिसा मिळेपर्यंत थांबलो.

उपोसथ पाळणारी एक स्वयंसेविका

मी उपोसथाला (पौर्णिमा, अमावास्या अशा व्रताच्या दिवशी) अष्टशील, म्हणजे आठ नियम, घेते, त्यामुळे त्या दिवशी मध्यान्हानंतर जेवत नाही. ज्या कुटुंबात माझी राहण्याची सोय होती, तिथे संध्याकाळचे जेवण हाच सर्वांचा एकत्र बसण्याचा वेळ होता आणि यजमान आजींना माझे न जेवणे आधी नाराजीचे वाटले. मी पाण्याचा पेला घेऊन पंगतीला बसू लागले, तेव्हा प्रश्न मिटला. धर्माविषयी मी आपणहून काही बोलले नाही; संस्थेचा तसा नियम होता आणि तो मला योग्यच वाटतो. त्यांनी विचारले तेवढे मात्र सांगितले.

धागाकर्त्यांना एक विचारायचे आहे : आपण ज्या संस्थेचा अर्ज भरला आहे, तिथे स्वयंसेवकाला नेमून दिलेले काम नाकारण्याची मुभा आहे का आणि ती करारात लिहिलेली आहे का? परिचारिका ताईंना प्रकल्पप्रमुख समजूतदार लाभले. सर्वांना तसे लाभतीलच असे नाही, म्हणून अर्ज पाठवण्यापूर्वी एवढे लेखी घ्यावे.