फक्त शुद्धीकरण केंद्र सुधारून भागणार नाही
'पिण्याच्या पाण्याचं शुद्धीकरण केंद्र चांगलं असलं की झालं, शेतकऱ्यांवर खतांचे नियम कशाला?' हा मुद्दा मला पटत नाही. अमेरिकेतल्या टोलेडो शहराचं पाहा. ऑगस्ट २०१४ मध्ये तिथल्या नळाच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन हे विष सापडलं आणि सुमारे ४ लाख लोकांना पाणी पिऊ नका, असं सांगावं लागलं. उकळण्याचाही उपयोग नव्हता. उलट पाणी आटून विषाचं प्रमाण वाढतं.

विष टोलेडोला पाणी पुरवणाऱ्या ईरी सरोवरातल्या नील-हरित शेवाळाचं होतं. त्या शेवाळाला पोसणारा, खतांत असणारा फॉस्फरस मुख्यतः सरोवराला मिळणाऱ्या मॉमी नदीच्या खोऱ्यातल्या शेतांतून येतो. नदीच्या पाण्याच्या वर्षानुवर्षांच्या मोजमापातून कळलं, की मार्च ते जुलैमध्ये किती फॉस्फरस वाहून आला यावर तिथल्या उन्हाळ्यात किती शेवाळ वाढणार हे ठरतं. त्यातही विरघळलेला फॉस्फरस जास्त घातक, कारण शेवाळ तो लगेच शोषतं. तो जमिनीखालच्या निचऱ्याच्या नळ्यांतूनही जातो, म्हणजे नुसती मातीची धूप थांबवून पुरत नाही.

यावरूनच २०१६ मध्ये अमेरिका आणि कॅनडाने सरोवरात येणाऱ्या फॉस्फरसमध्ये २००८ च्या तुलनेत ४० टक्के घट हे लक्ष्य ठरवलं. टोलेडो ज्या राज्यात आहे त्या ओहायोने त्याआधीच, २०१५ मध्ये, गोठलेल्या किंवा चिंब जमिनीवर खत टाकण्यावर बंधनं आणली. बाकीचा भर मात्र अनुदान आणि स्वेच्छेवरच राहिला, आणि मला तिथेच धोरण कमी पडलेलं दिसतं.

आपल्याकडे खतांतून विहिरींत उतरणाऱ्या नायट्रेटचंही तसंच. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि नायट्रेटसुद्धा उकळून जात नाही.