मदत हवी आहे : परदेशातील नोकरी सांभाळून अष्टशील कसे पाळावे?

सर्वांना सविनय जय भीम.

आम्ही उभयता नोकरीनिमित्त बोस्टनजवळ राहतो व पौर्णिमेला अष्टशील, म्हणजे मद्य व मध्यान्हानंतरचे जेवण वर्ज्य करण्यासह बौद्ध उपासकांचे आठ नियम, पाळण्याचा प्रयत्न करतो. मद्याचा प्रश्न फारसा येत नाही. कार्यालयाच्या मेजवानीत हातात लिंबू-सोड्याचा पेला असला, की कोणी चौकशीही करीत नाही. खरी अडचण विकालभोजनाची आहे. मध्यान्हानंतर जेवायचे नाही, आणि बैठका मात्र नेमक्या साडेअकरा ते साडेबारा चालतात. त्यातच उन्हाळ्यात येथील घड्याळ तासभर पुढे असल्यामुळे सूर्य माथ्यावर येतो तो पाऊणच्या सुमारास. अशा वेळी मर्यादा घड्याळातील बाराची मानावी की सूर्याची? पौर्णिमा कामाच्या दिवशी आल्यास उपोसथ (अष्टशील पाळण्याचा व्रतदिवस) रविवारी पाळला तर चालेल का?

दुसरे असे, की शेलबर्नच्या धम्मधरा केंद्रातील दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरासाठी येण्याजाण्याचे दिवस धरून जवळपास सगळी रजा खर्ची पडते, आणि मग अशोक विजयादशमीला (दसऱ्याला) नागपूरच्या दीक्षाभूमीवर जाणे राहून जाते. नोकरी करून हे दोन्ही साधणाऱ्या उपासक-उपासिकांनी, तसेच शक्य झाल्यास एखाद्या भन्तेजींना (बौद्ध भिक्खूंना) विचारून, कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.