शाळेत पॅडची सोय कशी करावी?

प्रश्न: आमच्या जिल्हा परिषद शाळेतील सातवी-आठवीच्या काही मुली पाळीच्या दिवसांत घरीच राहतात. शाळेत पॅडची कायमची सोय कशी करता येईल?

उत्तर १: जनऔषधी केंद्रांत ‘सुविधा’ पॅड २०१९ पासून १ रुपयाला मिळते. शाळा व्यवस्थापन समितीत ठराव करून साठा घ्यावा आणि तो शिक्षिकेकडेच ठेवावा, म्हणजे मुलींना गुरुजींकडे मागण्याचा संकोच वाटणार नाही.

उत्तर २: पॅड मिळाले तरी ते बदलायचे कुठे? स्वच्छतागृहाला आतून कडी, पाणी आणि झाकणाची कचरापेटी नसेल, तर मुलगी मधल्या सुट्टीतच घरी जाणार.

उत्तर ३: कापड वापरणाऱ्या मुलींना कमी लेखू नये. स्वच्छ सुती कापड साबणाने धुऊन उन्हात वाळवले तर चालते. मात्र लाजेपोटी ते अंधाऱ्या कोपऱ्यात वाळत घातले जाते. त्यासाठी आशाताईंना माता-पालकांच्या बैठकीला बोलवावे.