‘मस्ट’नंतर ‘टू’ का नाही?

मुलुंडकर : लेकीची दहावी आहे. काल विचारत होती, ‘मस्ट’नंतर ‘टू’ चालत नाही, मग ‘हॅव’ आणि ‘ऑट’नंतर का चालतो? आणि ‘आय मस्ट गो टू दादर’मध्ये आला तो कुठून? माझी तिथेच विकेट पडली. क्लासच्या नोट्समध्ये कोणत्या मोडलबरोबर, म्हणजे कॅन, शुड, मस्ट असल्या सहायक क्रियापदाबरोबर, कोणतं प्रिपोझिशन (ऑन, टू, फॉर वगैरे) असा तक्ता दिलाय. पाठ करून घेऊ का?

परळकर : तक्ता फाडून टाका. मोडलला स्वतःचं प्रिपोझिशन नसतंच. ‘वी शुड डिपेंड ऑन हिम’ घ्या. ‘शुड’च्या जागी ‘कॅन’ टाका, ‘मस्ट’ टाका, नाहीतर मोडल काढूनच टाका. ‘ऑन’ जागचा हलत नाही. कारण तो ‘डिपेंड’चा आहे. ‘लुक इनटू’, ‘डील विथ’, ‘वेट फॉर’, सगळ्यांचं तसंच. प्रिपोझिशन क्रियापदाबरोबर पाठ करायचं, मोडलबरोबर नाही.

आता ‘टू’. ‘मला दादरला जायला पाहिजे’ या वाक्यात ‘ला’ किती वेळा आला बघा. मला, दादरला, जायला. इंग्रजीत ‘आय मस्ट गो टू दादर’ म्हणताना पहिला ‘ला’ गळतो, कारण तिथे ‘आय’ सरळ कर्ता आहे. ‘जायला’मधलाही गळतो, कारण मोडलनंतर क्रियापद उघडंच येतं. उरला दादरचा, तो ‘टू’ होऊन बसतो. ‘आय हॅव टू गो टू दादर’ म्हणालात तर ‘जायला’मधला ‘ला’ही परत येतो. म्हणजे दिसायला ‘टू’ एक असला तरी कामं दोन: एक क्रियापदाच्या आधी लागणारा, दुसरा ठिकाणाचा.

आपण ‘मस्ट टू गो’ म्हणतो त्याचं मूळ इथेच आहे. मराठीत अशा सहायक क्रियापदापुढे मुख्य क्रियापद कधी मोकळं येत नाही, आणि प्रत्येकाची मागणी वेगळी. ‘शकतो’ला ‘करू’ लागतं, ‘येतं’ला ‘करता’, ‘लागतं’ला ‘करावं’, ‘पाहिजे’ला ‘केलं’ किंवा ‘करायला’. त्यामुळे मध्ये काहीतरी हवंच असं आपल्या कानाला वाटतं. इंग्रजीत कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट या नवांची मागणी एकच, क्रियापदाचं मूळ रूप. ‘ऑट’ तेवढा ‘टू’ घेतो. आणि ‘हॅव टू’ हे मोडलचं काम करणारं साधं क्रियापद, म्हणून त्याचं ‘हॅज टू’, ‘हॅड टू’ होतं. ‘मस्ट’चं तसं काही होत नाही, काल जावं लागलं असेल तर ‘हॅड टू’कडेच हात पसरावा लागतो.

गिरगाववाली : पण ‘ही कॅन’ला ‘एस’ का नाही? ‘ही गोज’ला आहे की.

परळकर : ताई, कॅन, मे, शॅल ही मूळची भूतकाळी रूपं, वर्तमानाचा अर्थ घेऊन बसलेली. भूतकाळाला ‘एस’ लागत नाही, ‘ही वेंट’ म्हणतात तसंच. आपला ‘पाहिजे’ही असाच गोठलेला. ‘पाहणे’चं जुनं कर्मणी रूप ते, ‘म्हणिजे’वरून ‘म्हणजे’ आलं त्याच घराण्यातलं.

गिरगाववाली : आणि मराठीने पळवलेला मोडल विसरलात! ‘माझा वुड-बी ठाण्याला राहतो.’ नवरा गळाला, मोडल तेवढा उरला.

परळकर : हा हा, आणि बायकोसाठीही तोच! बरं, मुलुंडकर, तुमच्या लेकीला दोन गोष्टी जरूर सांगा. एक, ‘रीच’ आणि ‘डिस्कस’. ‘दादरला पोहोचायला पाहिजे’ म्हणजे ‘मस्ट रीच दादर’. इथे ठिकाणाचा ‘ला’सुद्धा गळतो. लोकलमध्ये फोनवर ‘आय विल रीच टू दादर इन टेन मिनिट्स’ रोज ऐकू येतं, ते आपलं ‘दादरला’ बोलतंय. ‘वी शुड डिस्कस अबाउट इट’मधला ‘अबाउट’ही आपल्या ‘बद्दल’चाच.

दोन, कर्मणी प्रयोग. ‘समवन शुड लुक इनटू धिस’ उलटवलं की ‘धिस शुड बी लुक्ड इनटू’. शेवटचा ‘इनटू’ लोंबकळताना बघून मुलं तो खोडतात. खोडायचा नाही. मराठीत ‘त्याच्यावर विसंबता येतं’ म्हणताना ‘वर’ माणसाला चिकटतो. इंग्रजीत ‘ही कॅन बी रिलाइड ऑन’, तिथे तो क्रियापदाच्या मागे राहतो.

मुलुंडकर : हे डोक्यात बसलं. ‘यूज्ड टू’ची काय भानगड?

परळकर : ‘टू’नंतर ‘इट’ ठेवून बघा. ‘आय ॲम यूज्ड टू इट’ जमतं, म्हणजे तो ‘टू’ प्रिपोझिशन आहे आणि पुढे ‘आयएनजी’ येणार: ‘आय ॲम यूज्ड टू स्टँडिंग इन द ट्रेन’, उभं राहायची सवय आहे. ‘आय यूज्ड टू इट’ जमत नाही, म्हणून तिथे ‘आय यूज्ड टू स्टँड’, पूर्वी उभा राहायचो. ‘लुक फॉरवर्ड टू’ पहिल्या गटातलं, म्हणून ‘मीटिंग यू’. ऑफिसच्या मेलमध्ये निम्मे लोक ‘टू मीट’ लिहितात.

गिरगाववाली : आणि ‘नीड’?

परळकर : तो दोन्ही दगडांवर पाय ठेवून असतो. ‘यू नीड नॉट कम’मध्ये मोडल, टू नाही. ‘यू डोन्ट नीड टू कम’मध्ये साधं क्रियापद, टू आहे. ‘नीड नॉट टू कम’ ही खिचडी, मार्क जातात. ‘मस्ट नॉट’शी गल्लत मात्र होऊ देऊ नका. ‘यू मस्ट नॉट कम’ म्हणजे ‘येऊ नका’. ‘नीड नॉट’ म्हणजे ‘नाही आलात तरी चालेल’.