मित्रामित्रांनी मिळून केलेले भयपट सुचवा

रातकिडा:
परवा 'द ईव्हिल डेड' (१९८१) पुन्हा पाहिला. शाळेत असताना चादरीतून एक डोळा बाहेर काढून पाहिला होता, या वेळी भुतांपेक्षा कॅमेऱ्याकडेच लक्ष गेलं. जंगलातून जमिनीलगत सुसाट येणारं ते न दिसणारं काहीतरी म्हणजे लाकडी फळीच्या मधोमध बसवलेला कॅमेरा आणि फळीची दोन टोकं धरून पळणारी दोन माणसं! दिग्दर्शक सॅम रेमी आणि नायक ब्रूस कॅम्पबेल मिशिगनमधले शाळेपासूनचे दोस्त. पैसे उभे करायला त्यांनी आधी 'विदिन द वूड्स' नावाचा छोटा सिनेमा केला आणि तो लोकांना दाखवत हिंडले. मग टेनेसीतल्या एका पडक्या केबिनमध्ये कडाक्याच्या थंडीत शूटिंग. हे कळल्यावर मला तो सिनेमा दुप्पट आवडला.

असेच अजून हवेत. मे महिन्यात आम्ही चौघं आजोळच्या बंद घरात वीस मिनिटांची शॉर्टफिल्म करतोय, तेव्हा 'कसं केलं' तेही सांगा.

माजघर:
'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८). पिट्सबर्गमध्ये जाहिरातपट करणारे जॉर्ज रोमेरो आणि मंडळी. दहा जणांनी सहाशे-सहाशे डॉलर काढून सुरुवात केली. निर्मात्यांपैकीच काही जण पडद्यावरही आहेत. रक्त म्हणून चॉकलेट सिरप, कृष्णधवल असल्यामुळे छान खपून गेलं. तुमच्याकडेही घर एकच आहे, तर दारं-खिडक्यांना फळ्या ठोकण्याचा भाग नीट बघा. जागेची अडचण तिथे गोष्टच होऊन बसते.

कंदील:
'बॅड टेस्ट' (१९८७), न्यूझीलंड. दिग्दर्शक पीटर जॅक्सन नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी मित्रांना गोळा करायचा. असं चार वर्षं! परग्रहवासीयांचे मुखवटे आईच्या ओव्हनमध्ये भाजलेले. कड्यावरच्या मारामारीत दोन्ही माणसं तोच आहे, एकदा दाढी ठेवून, एकदा काढून. मी तो प्रसंग तीनदा मागे नेऊन पाहिला. किळसवाणा आहे, जेवताना लावू नका.

माजघर:
जपानचा 'वन कट ऑफ द डेड' (२०१७) राहिलाच. पहिली ३७ मिनिटं सलग एकाच टेकची. ती कच्ची वाटली तरी उठू नका. याहून जास्त सांगणार नाही, तुम्हीही आधी काही वाचू नका.

रातकिडा:
तिन्ही यादीत. आमच्याकडे दोन मोबाइल आणि एक हॅलोजन आहे. भूत दाखवायचं कसं, यावर अडलंय.

सायली_कराड:
दाखवूच नका. 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' (१९९९) बघा. फिल्म स्कूलमधल्या दोन मित्रांचं दिग्दर्शन, कॅमेरा कलाकारांच्याच हातात, शूटिंग आठ दिवसांचं. रात्री दिग्दर्शक बाहेरून तंबू हलवायचे, लहान मुलांचे आवाज लावायचे. आत घाबरलेली माणसं खरोखर दचकलेली होती.

आम्ही कॉलेजात केलेल्या फिल्ममध्ये मेकअपवर दोन दिवस घालवले आणि आवाज मोबाइलवरच घेतला. एडिटला बसल्यावर प्रत्येक कुजबुजीमागे पंख्याची घरघर. एकही वाक्य वापरता आलं नाही. आवाज वेगळा घ्या, मोबाइल बोलणाऱ्याच्या छातीशी धरून. आणि निघण्याआधी रिकाम्या घराचा मिनिटभर आवाज भरून आणा, जोडकामाला लागतो.

रातकिडा:
हे डोक्यातच नव्हतं. माळ्याचा जिना तिसऱ्या पायरीला करकरतो, मामा कधीचा दुरुस्त करायचा म्हणतोय. आत्ताच फोन करून सांगतो, मे संपेपर्यंत हात लावू नकोस.