प्रतिसाद: जिभेवर ताबा की मेंदूचा हट्ट?

"जिभेवर ताबा ठेवला की वजन आपोआप उतरतं" हे मत अर्धंच पटलं. पोट रिकामं असलं की जठरातून घ्रेलिन हे भुकेचं हॉर्मोन स्रवतं (शोध १९९९, जपान) आणि मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागातल्या भूक चेतवणाऱ्या पेशींना डिवचतं. जेवण आतड्यात उतरलं की जीएलपी-१ आणि पीवायवाय ही आतड्यातली हॉर्मोन्स मेंदूला 'आता पुरे' असा निरोप धाडतात, थोडा रक्तातून, थोडा पोटाला मेंदूशी जोडणाऱ्या व्हेगस नर्व्हमार्फत. शरीराचं स्वतःचं जीएलपी-१ एकदोन मिनिटांतच निम्मं होतं. त्याचीच नक्कल करणाऱ्या सेमाग्लुटाइड या वजन उतरवणाऱ्या औषधाला निम्मं व्हायला साधारण आठवडा लागतो, म्हणून आठवड्याला एक इंजेक्शन पुरतं.

खरी मेख पुढेच आहे. डाएटनं वजन घटवलेल्यांत घ्रेलिन वर्षभरानंतरही चढंच आढळलंय. म्हणजे शरीर जुन्या वजनासाठी अडून बसतं, आणि तिथे मनोनिग्रहाचे डोस पाजून काय होणार? इंजेक्शन थांबवल्यावरही बरंचसं वजन परत येतं.

आणि पुणेकरांनो, नुसता वजनकाटा बघू नका. आपल्याच केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवलंय की किरकोळ अंगाच्या भारतीयांतही चरबीचं प्रमाण जास्त असू शकतं. जिममधल्या ओळखीवर कुणी ही इंजेक्शनं देत असेल, तर आधी एंडोक्रिनॉलॉजिस्टला (हॉर्मोन्सच्या डॉक्टरला) गाठा.