मदत हवी आहे: पिनो न्वारची पारख उन्हाळ्यात कशी करावी?

नागपुरातील आम्ही काही वाइनप्रेमी मित्र येत्या रविवारी परवडणाऱ्या पिनो न्वारच्या (याच नावाच्या द्राक्षापासून बनणाऱ्या रेड वाइनच्या) बाटल्या कागदात गुंडाळून, म्हणजे लेबल न पाहता, चाखणार आहोत. या द्राक्षाची साल पातळ असल्याने वाइनचा रंग फिकाच असतो, तेव्हा केवळ त्यावरून गुण कापणे मला अन्यायाचे वाटते. खरी अडचण तापमानाची आहे. ही वाइन साधारण १३ ते १६ अंशांवर द्यावी असे सांगतात, पण आपल्याकडे मे महिन्यात, कूलर घरघरत असूनही, ती पेल्यात पाहता पाहता कोमट होते, अल्कोहोलचा भपकारा पुढे येतो आणि चेरीचा गंध दबतो. बाटली फ्रिजमधून किती आधी काढावी, आणि स्वस्त बाटलीतील जॅमसारखा गोडसरपणा दोष मानावा की शैली, याबाबत जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.